वेळ लागेल, मामा

मिरजेला अण्णामामांच्या घरी कपड्यांच्या कपाटाचं दार उघडलं की आतल्या बाजूला एक कात्रण दिसतं. लॅमिनेट केलेलं, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. मथळा असा: ‘कंपवातावरील उपचारांचा मार्ग मोकळा, मराठी संशोधिकेची कामगिरी’. ती संशोधिका मी. त्यात माझं आडनाव चुकलंय, फोटो माझ्या लग्नातला आहे (तो आईने परस्पर दिला, हे नंतर कळलं) आणि मथळा खोटा आहे. म्हणजे अगदी खोटा आहे असंही म्हणता येत नाही. तेच तर सांगायचंय.

अण्णामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सुट्टीत आम्ही भाचरंडं जमलो की पाण्याच्या बादलीत सोडियमचा बारीक तुकडा टाकून दाखवायचे आणि तो तडतडत फिरायला लागला की विचारायचे, “काय दिसलं ते सांगा. का झालं ते नंतर.” मी आज जे काही करते त्याची सुरुवात त्या बादलीपाशी आहे. त्यामुळे ‘सामान्य माणसाला विज्ञान कळत नाही, म्हणून गैरसमज होतात’ असं कुणी म्हणालं की मला मामा आठवतात. त्यांना विज्ञान कळत होतं.

२०१६ साली त्यांच्या उजव्या हाताची थरथर पार्किन्सन्सची आहे असं निदान झालं. मी तेव्हा पीएचडी करत होते आणि विषयही नेमका तोच. घरात एकदम माझा भाव वधारला. तुम्ही परदेशात राहत असाल तर हा अनुभव तुम्हालाही असेल, मग तुम्ही बँकेत असा नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. फोन येतो: “तिकडे काही नवीन औषध निघालंय का गं?” तिकडे म्हणजे जिथे औषधं निघतात तिथे. आपण तिकडे राहतो, म्हणजे आपल्याला माहीत असणारच.

मामांनी मला पहिलं विचारलं ते निलोटिनिबबद्दल. हे रक्ताच्या एका कर्करोगावरचं औषध. २०१५ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका परिषदेत सांगितलं की पार्किन्सन्स आणि त्याच्याशी नातं असलेल्या स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना त्यांनी हे औषध कमी मात्रेत दिलं आणि त्यांच्यात सुधारणा दिसली. बातम्यांमध्ये खुर्चीला खिळलेली माणसं चालायला लागल्याची वर्णनं होती. ती फिरत फिरत वर्षभराने मामांच्या सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आली.

मी त्यांना तासभर समजावलं. रुग्ण होते बारा. औषध सगळ्यांनाच दिलेलं, नुसत्या साखरेच्या गोळीवर ठेवलेला दुसरा गट नव्हताच. आणि पार्किन्सन्समध्ये हा दुसरा गट फारच महत्त्वाचा असतो. २००१ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या संशोधकांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं होतं की रुग्णाला औषध मिळेल अशी आशा असेल, तर नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी त्याच्या मेंदूत डोपामिन सुटतं. ज्या रसायनाच्या कमतरतेने हा आजार छळतो तेच रसायन. म्हणजे आशेने या रुग्णाला खरोखरच बरं वाटतं, काही काळ चालताही येतं. त्यात ढोंग काही नाही, पण ती औषधाची करामतही नाही. शिवाय निलोटिनिब हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं.

मामांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. पुढे डिसेंबर २०२० मध्ये मायकल जे. फॉक्स या नटाच्या (तो ‘बॅक टु द फ्यूचर’वाला, त्यालाही पार्किन्सन्स आहे) संस्थेच्या मदतीने झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. ७६ रुग्ण, साखरेच्या गोळीचा गट धरून. फायदा शून्य. औषध मेंदूपर्यंत जेमतेमच पोचत होतं. मी मामांना दुवा पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, “बरोबर होतीस.” मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

मग माझी बातमी आली.

२०२१ चा शरद. मी तोवर इंग्लंडमध्ये पोस्टडॉक झाले होते. आमचं काम काय, ते थोडक्यात सांगते. मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळपट भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि पार्किन्सन्समध्ये त्या मरत जातात. त्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. या गुठळ्या आजाराचं कारण आहेत, परिणाम आहेत की पेशीने स्वतःला वाचवायची केलेली धडपड आहे, यावर आजही एकमत नाही. आम्ही एक रेणू तपासत होतो आणि त्यामुळे उंदरांच्या मेंदूत गुठळ्या कमी झालेल्या दिसल्या. आता उंदराला आपणहून पार्किन्सन्स होत नाही. माणसाचं प्रथिन त्याच्यात भरमसाठ तयार होईल असा बदल त्याच्या जनुकांत करून आम्ही आजारासारखं काहीतरी घडवतो. ‘सारखं’ हा शब्द आमच्या कामाचा कणा आहे, आणि बातमीत पहिल्यांदा गळतो तो हाच.

शोधनिबंध छापून यायच्या आठवडाभर आधी विद्यापीठाच्या माध्यम विभागातून मसुदा आला. मुलगी हुशार होती, माझ्याच वयाची, तिने निबंध नीट वाचला होता. तिने लिहिलेल्या वाक्याचा आशय असा, की या संशोधनामुळे पुढे नव्या उपचारांचा मार्ग मोकळा होऊ शकेल. मसुद्यात ‘उंदीर’ चौथ्या परिच्छेदात होते. मी वाचला, एक स्वल्पविराम बदलला आणि ‘छान झालंय’ म्हणून परत पाठवला.

का पाठवला? माझा करार सोळा महिन्यांनी संपणार होता. आमच्या प्रोफेसरबाईंना नवीन अनुदानासाठी अर्ज करायचा होता आणि त्यात ‘समाजावरील परिणाम’ या रकान्यात काहीतरी भरायला हवं होतं. शिवाय वाक्यात ‘होऊ शकेल’ होतंच की. ‘शकेल’ म्हटलं की आम्हा संशोधकांना सगळे गुन्हे माफ असतात.

आता त्या ‘शकेल’चा प्रवास बघा. इथल्या एका वृत्तपत्राच्या मथळ्यात ते प्रश्नचिन्ह झालं. तिथून एका भारतीय संकेतस्थळावर ‘आशेचा किरण’ झालं. तिथून आईच्या मैत्रिणीच्या ओळखीच्या वार्ताहराने मराठीत आणलं तेव्हा मथळ्यात जागा कमी होती, म्हणून ‘मार्ग मोकळा’ एवढंच उरलं. शकेलही नाही आणि उंदीरही नाहीत. एकाही टप्प्यावर कुणी ठरवून खोटं बोललं नाही. प्रत्येकाने फक्त एक शब्द उचलून बाजूला ठेवला. पहिला मीच ठेवला होता, कारण उंदीर चौथ्या परिच्छेदात चालतील असं मी ठरवलं होतं.

माध्यमांना शिव्या देणं हा आमच्या चहाच्या वेळचा आवडता खेळ. पण कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निबंध छापला, तो वाचल्यावर या खेळातली माझी मजा गेली. त्यांनी वीस ब्रिटिश विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रकं घेतली, मूळ शोधनिबंध आणि त्यावरून झालेल्या बातम्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. प्राण्यांवरच्या संशोधनावरून माणसांबद्दल वाजवीपेक्षा जास्त बोलणं ३६ टक्के पत्रकांमध्ये आढळलं. पत्रकात अतिशयोक्ती असली की ८६ टक्के बातम्यांमध्ये ती होती, पत्रकात नसली की फक्त १० टक्के. म्हणजे नदीचं पाणी गावात शिरून गढूळ होत नव्हतं, ते उगमापाशीच गढूळ होतं. आणि त्या पत्रकांवर शेवटचा हात आमचाच फिरलेला असतो. गंमत म्हणजे अतिशयोक्ती केल्याने बातम्या जास्त छापून येतात असंही त्यांना दिसलं नाही. आम्ही फुकटच खोटं बोलतो.

मराठीची एक वेगळी अडचण आहे. तिच्याबद्दल कुणी संशोधन केलं असेल तर मला माहीत करून घ्यायला आवडेल, पण हे निरीक्षण माझं आहे. इंग्रजी बातमीत ‘अमुकचा तमुकशी संबंध आढळला’ अशा अर्थाचं एक लहानसं, सोयीचं क्रियापद असतं. दोन गोष्टी बरोबर दिसल्या, बास, कोणामुळे कोण ते सांगत नाही. मराठी मथळ्यात त्या जागी काय येतं? ‘मुळे’. दोन अक्षरं, जागा वाचते. ‘रात्रपाळीमुळे मधुमेह’, ‘कॉफीमुळे आयुष्य वाढतं’. ‘मुळे’ आलं की कार्यकारणभाव आलाच, तो मूळ निबंधात असो वा नसो. आणि जिथे उपसंपादकाला शंका असते तिथे तो ‘शास्त्रज्ञांचा दावा’ लिहितो. म्हणजे एकतर निखालस सत्य, नाहीतर कोर्टातली केस. ‘आम्हाला असं दिसलं, पण खात्री नाही’ हे जे आमचं नेहमीचं राहण्याचं घर, त्याला मथळ्यात खोलीच नाही. मामांचं ‘काय दिसलं ते सांगा, का झालं ते नंतर’ हे मराठीच होतं, त्यामुळे भाषेला ते जमत नाही असं मुळीच नाही. (बघा, इथेही ‘मुळे’ आलंच.)

बातमी छापून आली त्या दिवशी मामांचा फोन आला. मागे मामी, शेजारचे काका, पेढ्यांचा डबा. “अगं, अख्ख्या गल्लीत वाटले पेढे!” मग आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, “कधीपर्यंत येईल गं?”

या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं. उंदरांमध्ये चाललेल्या बहुतेक गोष्टी माणसापर्यंत पोचतच नाहीत. माणसांवरच्या चाचणीत उतरलेल्या औषधांपैकी दहातलं एखादं मान्यतेपर्यंत जातं, आणि आमचा रेणू तर चाचणीच्या दारातही नव्हता. पार्किन्सन्सचा वेग कमी करणारं एकही मान्यताप्राप्त औषध आजवर नाही. १९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी लेवोडोपा मोठ्या मात्रेत तोंडावाटे देऊन रुग्णांना हलतं-चालतं करून दाखवलं, ते औषध आजही मुख्य आधार आहे, आणि तेही लक्षणांवरच काम करतं. हे सगळं मी निलोटिनिबच्या वेळी तासभर सांगितलं असतं. पण ते दुसऱ्याचं औषध होतं.

मी म्हणाले, “वेळ लागेल, मामा.”

आपल्याकडे ‘वेळ लागेल’ याचा अर्थ काय होतो, तुम्हीच सांगा. नळजोडणीला वेळ लागेल. मुलीच्या लग्नाला वेळ लागेल. म्हणजे होणार आहे, थांबायचं. मला म्हणायचं होतं की बहुधा होणारच नाही. मी माझ्या सोयीचं वाक्य निवडलं आणि त्यांनी त्यांच्या सोयीचा अर्थ घेतला, आणि पेढे खाऊन फोन ठेवला.

गेल्या डिसेंबरात मी मिरजेला गेले. मामा आता घरातल्या घरात धरून चालतात. कधी कधी दाराच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजतात, मग मामी पुढ्यात काठी आडवी धरते आणि ते ती ओलांडतात, पाय सुटतो. दुपारी ते झोपले होते. मामी भाजी निवडत होती. मी सहज विचारलं, पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूत इलेक्ट्रोड बसवायच्या शस्त्रक्रियेचं काही सुचवलं नव्हतं का? डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात ती. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोब्लला सुरू झाली, आता पुण्या-मुंबईतही होते. आजार बरा होत नाही, पण योग्य रुग्णाला काही वर्षं पुष्कळ सुसह्य होतो.

“सुचवलं होतं की,” मामी म्हणाली. “तुझी बातमी आली त्याच वर्षी. तपासण्या झाल्या, चालेल म्हणाले डॉक्टर. पण हे म्हणाले थांबू. डोक्याला भोकं पाडून घेण्यापेक्षा भाचीचं औषध येतंय, दोन-तीन वर्षं कळ काढू.”

आणि आता?

“आता विसरायला लागलेत ना. डॉक्टर म्हणाले, आता नको, त्याने विसरणं वाढेल.”

ती पालकाच्या काड्या वेगळ्या करत राहिली. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी तुमच्यापुढे हे नाट्यमय करून मांडणार नाही, कारण मग मीही तेच केल्यासारखं होईल. मामांनी शस्त्रक्रिया टाळली त्याला कारणं अनेक होती. खर्च काही लाखांचा. कवटीला छिद्र पाडायची भीती. मुलगा बंगळुरात. शस्त्रक्रिया केली असती तरी ती मानवली असती याची खात्री नाही. कात्रण नसतं तर त्यांनी होकार दिला असता का? मला माहीत नाही, आणि कळण्याचा मार्ग नाही. इंग्लंडमध्ये एकदा हे लोकसंख्येच्या पातळीवर दिसलं होतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये इथल्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. बातम्यांमध्ये ‘दुप्पट’ गाजलं. दुप्पट म्हणजे साधारण सात हजार बायकांमागे एकीऐवजी दोघी, हे मागे पडलं. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे आणखी एक. तिथे निदान आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना तरी करता आली. मामा एकच आहेत, आणि एका निरीक्षणावरून नियम मांडायचा नाही हेही त्यांनीच शिकवलंय.

तेव्हा मी नियम मांडत नाही. दोन-तीन गोष्टी करते, त्या सांगते. कुणी ‘तिकडे नवीन औषध निघालंय म्हणे’ असं विचारलं की आधी मी विचारते, कुणावर करून बघितलंय? उंदीर, पेशी की माणसं? माणसं असतील तर किती, आणि साखरेची गोळी कुणाला दिली होती का? २०१९ मध्ये जेम्स हीथर्स या संशोधकाने ट्विटरवर एक खातं काढलं होतं. तो नव्या उपचारांच्या बातम्या पुन्हा टाकायचा आणि वर एवढंच लिहायचा: ‘उंदरांमध्ये’. बास. आमच्या लॅबमध्ये आम्ही त्यावर खूप हसलो होतो. ‘दुप्पट’, ‘निम्मा’, ‘तीस टक्क्यांनी कमी’ असं दिसलं की विचारते, कितीच्या दुप्पट? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, जवळच्या माणसाला ‘वेळ लागेल’ म्हणत नाही. ‘तुमच्यासाठी येईल असं मला वाटत नाही’ हे वाक्य मराठीत म्हणायला मी आरशासमोर सराव केलाय. इंग्रजीत ते सोपं जातं. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

मामांना ते मी म्हणाले, त्याच डिसेंबरात, निघायच्या आदल्या रात्री. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावर भाव उमटणं कमी होतं, त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय ते दिसत नव्हतं. मग म्हणाले, “निलोटिनिबच्या वेळी किती छान समजावलं होतंस.” आणि थोड्या वेळाने, “कात्रण राहू दे हं. फोटो चांगला आहे.”

या उन्हाळ्यात आमचा पुढचा निबंध आला. मसुदा आला तेव्हा मी ‘उंदरांमध्ये’ मथळ्यात घ्यायला लावलं. आता त्या जागेवर दुसरा मुलगा आहे, तो म्हणाला, “असं केलं तर कोण छापणार?” दोन ठिकाणी छापून आलं, मागच्यापेक्षा कमी. प्रोफेसरबाईंनी काही म्हटलं नाही, नुसत्या भुवया उंचावल्या. मराठीत काय जाईल याची वाट न बघता मी स्वतःच एक पानभर मराठीत लिहिलं आणि छपाईच्या आधी मामांना पाठवलं, तपासून द्या म्हणून. हे काम त्यांनी आयुष्यभर केलंय.

चार दिवसांनी व्हॉट्सॅपवर फोटो आला. मामीने प्रिंट काढून दिली होती. लाल पेन. या आजारात अक्षर लहान लहान होत जातं, त्यांचं आता मुंगीएवढं झालंय, फोटो मोठा करून वाचावं लागलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. ‘आशादायक’ खोडलं होतं. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘भविष्यात याचा उपयोग होऊ शकेल’. त्यातल्या ‘भविष्यात’भोवती एक थरथरती लाल वर्तुळ होतं आणि समासात लिहिलं होतं: ‘कधी?’

मी ती ओळ काढून टाकली.